लख्ख उन्हात इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो: ग्रिड ओव्हरव्होल्टेजचे मूळ कसे शोधावे

छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज एसी करून ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) देणारे यंत्र, ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो, तेव्हा तक्रार जवळजवळ नेहमी त्याच शब्दांत येते. "सकाळी छान चालतं. अकरा वाजले की बंद पडतं. पाच-सात मिनिटांनी आपोआप सुरू होतं, आणि परत बंद." ढगाळ दिवशी काहीच त्रास नसतो. आभाळ निरभ्र आणि हवा थंड असली, म्हणजे पॅनल सर्वांत जास्त वीज देणार असले, की नेमका तेव्हाच खोळंबा. पडद्यावर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' किंवा त्याच अर्थाचा एखादा कोड. मालक वैतागून इन्व्हर्टर बदलून घेतो आणि नवा इन्व्हर्टर चौथ्या दिवशी तेच करतो.

छतावरचे सोलर ग्रिडला जोडणे आणि बिघडले की दुरुस्त करणे, हेच माझे रोजचे काम आहे. या एका तक्रारीत इन्व्हर्टरच खराब निघाला असे मला फार क्वचित दिसले. तो खरे तेच सांगत असतो: माझ्या टर्मिनलवर व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, म्हणून मी बाजूला झालो. ते व्होल्टेज नेमके कुठे वाढले, घराच्या वायरीत की बाहेरच्या लाइनीत, एवढेच शोधायचे असते. त्यासाठी तीन आकडे लागतात. ते हातात येईपर्यंत काहीही बदलू नका. सेटिंगला तर हातही लावू नका.

हाच आजार आहे ना, ते आधी पाहा

दुपारी वीज कमी मिळण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि मोबाइलवरच्या दिवसभराच्या आलेखात ती बऱ्यापैकी ओळखू येतात. ओव्हरव्होल्टेजचा आलेख कंगव्यासारखा असतो. रेषा वर चढते, सरळ शून्यावर पडते, काही मिनिटे शून्यावरच राहते, पुन्हा चढते. मधल्या काही मिनिटांचे कारण असे की ट्रिप झाल्यावर ग्रिड स्थिर आहे याची खात्री होईपर्यंत इन्व्हर्टरला थांबावे लागते. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १५४७ या मानकात ही प्रतीक्षा मूळ सेटिंगला ३०० सेकंदांची आहे, ऑस्ट्रेलियात ६० सेकंदांची.

आलेखाचा माथा दुपारभर सपाट दिसत असेल आणि तो इन्व्हर्टरच्या क्षमतेइतकाच असेल, तर तो दोष नव्हे. पॅनल इन्व्हर्टरपेक्षा मोठे बसवले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एक-दीडच्या सुमारास रेषा हळूहळू खाली घसरत असेल, शून्यावर पडत नसेल, तर इन्व्हर्टर तापतोय का पाहा. जाळीत धूळ असते किंवा त्याला उन्हातल्या भिंतीवर टांगलेले असते. पहाटे किंवा पावसानंतर इन्सुलेशनचा, म्हणजे वीज जमिनीत गळत असल्याचा (अर्थ फॉल्ट) कोड येत असेल तर तो डीसी बाजूचा, म्हणजे पॅनलकडचा, वेगळा विषय आहे, या पोस्टमध्ये त्याचे उत्तर नाही.

आणखी एक खूण. सुट्टीच्या दिवशी ट्रिप जास्त होतात का? लाइनीवर दुकाने, कार्यालये, छोटे कारखाने असतील तर सुट्टीला त्यांचा वापर थांबतो, लाइन रिकामी होते आणि व्होल्टेज वर जाते. तुमच्या नोंदीत असे दिसले तर कारण बाहेर असण्याची शक्यता आत्ताच वाढली, असे समजा.

व्होल्टेज वाढते कशामुळे

पाणी उताराकडेच वाहते. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असेल तर त्याच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज लाइनीपेक्षा थोडे वर असावेच लागते. किती वर, हे मधल्या वायरीचा रेझिस्टन्स आणि करंट यांवर ठरते. ओहमचा नियम, दुसरे काही नाही.

हिशेब करून पाहू. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर २५० व्होल्टला पूर्ण चालतो तेव्हा बरोबर २० अँपिअर करंट देतो. त्याच्यापासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर आहे आणि ४ चौ. मिमी तांब्याची वायर टाकली आहे. या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला ४.६१ ओहम. करंट फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून लांबी ३० नव्हे, ६० मीटर धरायची. रेझिस्टन्स झाला ०.२७७ ओहम आणि २० अँपिअरला वाढ झाली साडेपाच व्होल्ट. त्याच जागी १० चौ. मिमी वायर असती, किलोमीटरला १.८३ ओहमची, तर वाढ २.२ व्होल्टवर आली असती. हे रेझिस्टन्स २० अंश तापमानाचे आहेत. भर उन्हात वायर ७० अंशांपर्यंत तापली तर त्यांत सुमारे २० टक्के भर पडते, आणि सोलरची वायर नेमकी उन्हाच्याच वेळी सर्वांत जास्त करंट वाहते.

वायर निवडताना चूक कुठे होते तर इथे. इलेक्ट्रिशियन तक्त्यात पाहतो: ४ चौ. मिमीला २० अँपिअर चालतात का? चालतात. वायर तापणार नाही, एमसीबी पडणार नाही, काम बरोबर झाले असे त्याला वाटते. गीझरसाठी ते बरोबरच असते, कारण गीझरला साडेपाच व्होल्ट कमी मिळाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सोलरला मात्र तेच साडेपाच व्होल्ट वर चढवावे लागतात आणि वर मर्यादेची भिंत असते. सोलरची वायर करंटवर नाही, व्होल्टेजवर निवडायची असते.

ती भिंत कुठे आहे? २३० व्होल्टच्या जगात बहुतेक ठिकाणी परवानगी १० टक्के वर-खाली, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट. युरोपात दहा मिनिटांची सरासरी २५३च्या वर गेली की इन्व्हर्टरने सुटायचे असते. १२० व्होल्टच्या प्रदेशांत आकडे वेगळे, हिशेब तोच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ४७७७.१ या मानकात पुरवठ्याच्या टोकापासून इन्व्हर्टरपर्यंतची वाढ २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे, म्हणजे ४.६ व्होल्ट. जर्मनीच्या व्हीडीई ४१०५ नियमात कमी दाबाच्या जाळ्यात सगळ्या सोलरने मिळून ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ६.९ व्होल्टपेक्षा जास्त वाढ करायची नाही. तुमच्याकडे कोणताही नियम लागू असो, हे दोन आकडे मोजपट्टी म्हणून जवळ ठेवा.

तीन आकडे

निरभ्र दिवस निवडा. वेळ साडेअकरा ते दीडच्या मधली. मल्टिमीटर ट्रू आरएमएस (एसीचे खरे प्रभावी मूल्य दाखवणारा) असावा आणि तिन्ही मोजमापे एकाच मीटरने घ्या. यावर मी अडून बसतो, कारण दोन मीटरांमध्ये एक टक्क्याचा फरक सहज असतो आणि एक टक्का म्हणजे अडीच व्होल्ट. आपण शोधतोय तोच फरक तीन-चार व्होल्टचा आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडाही आधी मल्टिमीटरशी ताडून पाहा. हे काम जिवंत तारांवरचे आहे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि मीटरच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही. मीटरनंतरच्या मेन स्विचवर मोजले तरी पुरते.

पहिला आकडा: इन्व्हर्टर बंद ठेवून मेन स्विचवरचे व्होल्टेज. घरातले मोठे लोडही बंद ठेवा. याला 'मोकळे व्होल्टेज' म्हणू. दुसरा: इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालू असताना त्याच मेन स्विचवरचे. तिसरा: लगेच, ऊन बदलायच्या आत, इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवरचे. सोबत क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवायच्या मीटरने) मोजून करंट लिहून ठेवा. करंटशिवाय हे आकडे अर्धवट आहेत.

तिसऱ्यातून दुसरा वजा केला की घरातल्या वायरीची वाढ मिळते. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मीटरच्या पलीकडच्या सर्व्हिस वायरीची (खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरीची) आणि लाइनीची. पहिला आकडा तुमच्या नावावर नाहीच. तो रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), लाइन आणि शेजाऱ्यांच्या सोलरचा आहे.

इन्व्हर्टर बंद करताना आधी एसी, मग डीसी आयसोलेटर (जोडणी तोडणारा स्विच). पॅनलच्या वायरींचे कनेक्टर चालू करंटवर कधीही ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही.

घरातली वाढ जास्त निघाली तर

एका घरी मी गेलो तेव्हा इन्व्हर्टर दोनदा बदलून झाला होता. ५ किलोवॅट, सिंगल फेज, ६ चौ. मिमी तांबे, अंतर २५ मीटर. वायर अगदी वाईट नव्हती. मोजले. मोकळे व्होल्टेज २४१. चालू असताना मेन स्विचवर २४७. इन्व्हर्टरवर २५३.५, करंट २० अँपिअर. म्हणजे घरातली वाढ साडेसहा व्होल्ट.

हिशेबाने किती यायला हवी होती? ५० मीटर, किलोमीटरला ३.०८ ओहम, म्हणजे ०.१५४ ओहम, म्हणजे ३.१ व्होल्ट. वरचे ३.४ व्होल्ट कुठून आले? ३.४ व्होल्ट गुणिले २० अँपिअर म्हणजे ६८ वॅट. एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता त्या मार्गात कुठेतरी एका जागी तयार होत होती.

सगळे बंद करून एसी पेटी उघडली. फेजचे सांधे स्वच्छ होते. न्यूट्रलच्या पट्टीवर तिसऱ्या स्क्रूखालची वायर मात्र काळवंडलेली, तिचे निळे आवरण टोकाशी तपकिरी होऊन ठिसूळ झालेले. स्क्रू घट्टच होता. त्याने पकडले होते ते मात्र आवरण, तांबे नव्हे! वायर सोलताना चार मिलिमीटर कमी सोलली गेली होती आणि सात तारांपैकी दोन-तीनच पट्टीला टेकत होत्या. वायर मागे घेऊन नवे टोक सोलले, त्यावर लग (धातूचे टोपण) दाबून बसवला, पट्टीचा तो भाग बदलला. पुन्हा मोजले तर इन्व्हर्टरवर २५०. ट्रिप थांबले. दोन इन्व्हर्टर उगाच बदलले गेले होते आणि आगीचा धोका तसाच भिंतीवर बसून होता. मला खेद याचा वाटतो की पहिल्या भेटीतच कोणी दोन जागी मल्टिमीटर लावला असता तर हे दहा मिनिटांत दिसले असते.

म्हणून घरातला भाग तपासताना आधी हिशेबाची वाढ काढा, मग मोजलेली. दोन्ही जुळत असतील आणि जास्त असतील तर वायर पातळ किंवा लांब आहे. जाड वायर टाका किंवा इन्व्हर्टर मीटरच्या जवळ आणा. डीसीची वायर लांब झाली तरी ग्रिडच्या मर्यादेला धक्का लागत नाही, म्हणून अंतर डीसी बाजूला घालणे बहुधा शहाणपणाचे. मोजलेली वाढ हिशेबापेक्षा बरीच जास्त असेल तर सांधा शोधा. न्यूट्रलपासून सुरुवात करा. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे एकत्र येतात ती जागा, आयसोलेटरचे टर्मिनल, एमसीबीचा खालचा स्क्रू, याच क्रमाने मी जातो.

घरात तीन फेज असतील आणि इन्व्हर्टर सिंगल फेज असेल, तर पुढच्या वेळी तीन फेजचा इन्व्हर्टर घेण्याचा विचार जरूर करा. तीच शक्ती तीन फेजांत सारखी वाटली की प्रत्येक तारेत करंट तिसरा हिस्सा राहतो आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परत येत नाही. त्याच जाडीच्या वायरीत वाढ एक षष्ठांशावर येते. यापेक्षा मोठा फरक पाडणारा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

मोकळे व्होल्टेजच वर असेल तर

त्याच घराची पुढची गोष्ट. वर्षभराने पुन्हा फोन आला, पुन्हा कंगवा. मोजले: मोकळे २४५, मेन स्विचवर २५१, इन्व्हर्टरवर २५४. घरातली वाढ तीनच्या आसपास होती, म्हणजे आमचे काम टिकले होते. पहिला आकडा मात्र चार व्होल्ट चढला होता. मान वर करून पाहिले तर त्या वर्षात गल्लीतल्या कितीतरी छतांवर पॅनल आले होते.

इथे घरमालकाची पहिली मागणी असते, "रोहित्राचे व्होल्टेज कमी करून द्या." ते करता येते. वितरणाच्या अनेक रोहित्रांना टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायच्या पायऱ्या असतात, एकेक पायरी बहुधा अडीच टक्क्यांची, आणि पुरवठा बंद करून ती बदलावी लागते. अडीच टक्के म्हणजे पावणेसहा व्होल्ट. दुपारचा प्रश्न एका झटक्यात सुटला असे वाटते. पण त्या लाइनीच्या शेवटच्या घरी रात्री आठला व्होल्टेज २११ होते. त्यातून अडीच टक्के गेले की २०६च्याही खाली, म्हणजे २०७ची खालची मर्यादा ओलांडली. दुपारी आपला इन्व्हर्टर चालावा म्हणून रात्री दुसऱ्याचा फ्रीज कुंथत बसणार. सोलर असलेल्या लाइनीचे हेच अवघड दुखणे आहे: तीच तार दुपारी वर जाते आणि संध्याकाळी खाली, आणि टॅप दोन्ही वेळांना एकच असतो. टॅपची मागणी करण्याआधी रात्रीचे सर्वांत कमी व्होल्टेज लाइनीच्या टोकाला मोजा. तिथे भरपूर जागा असेल तरच टॅप.

त्या गल्लीत खरे कारण वेगळे होते. लाइन स्टाफने रोहित्राजवळ तिन्ही फेज मोजले. सोलर असलेली बहुतेक घरे एकाच फेजवर होती. दुपारी तो फेज इतर दोघांपेक्षा बराच वर होता. जोडण्या देताना खांबावर जो फेज हाताला जवळ आला त्यावर सर्व्हिस वायर टाकली जाते, आणि घरात फक्त वापर होता तोपर्यंत ते खपूनही जात होते. काही घरांचे फेज बदलले. आमच्याकडे मोकळे २४२ वर आले, इन्व्हर्टरवर २५१. टॅपला हात लावावा लागला नाही.

मेन स्विचवरचा आणि मोकळा यांतला फरक, इथे सहा व्होल्ट, तोही तपासण्यासारखा होता. १६ चौ. मिमी अ‍ॅल्युमिनियमची सर्व्हिस वायर, ४० मीटर, किलोमीटरला १.९१ ओहम. हिशेबाने २० अँपिअरला तीन व्होल्ट. उरलेले तीन सामाईक लाइनीचे. तिथे काही विचित्र नव्हते. तुमच्याकडे हा फरक हिशेबापेक्षा खूप मोठा आला, किंवा लोड चालू केला की काही दिवे मंद आणि काही प्रखर होत असतील, तर मोजत बसू नका. तो सैल न्यूट्रल असू शकतो. वितरण कंपनीला तातडीने कळवा आणि नाजूक उपकरणे बंद ठेवा.

इन्व्हर्टरच्या सेटिंगने काय साधते

आता सेटिंगकडे येतो. तारा आणि सांधे ठीक करून झाल्यावरच.

पहिली खात्री: इन्व्हर्टरमध्ये तुमच्या देशाचा ग्रिड कोड (ग्रिडला जोडण्याच्या नियमांचा संच) निवडला आहे का? घाईत बसवलेल्या यंत्रात दुसऱ्याच देशाचा कोड राहिलेला मी पाहिला आहे, आणि मग मर्यादा, प्रतीक्षा, सगळेच चुकते.

दुसरे, व्होल्ट-व्हार. व्होल्टेज वाढू लागले की इन्व्हर्टर रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ग्रिड आणि यंत्र यांत येरझाऱ्या घालणारी शक्ती) ओढून ते दाबायचा प्रयत्न करतो. ऑस्ट्रेलियाच्या ४७७७.२ मानकाच्या २०२० च्या आवृत्तीत, त्यांच्या मुख्य प्रदेशासाठी, हे काम २४० व्होल्टपासून सुरू होते आणि २५८ व्होल्टला क्षमतेच्या ६० टक्के रिअ‍ॅक्टिव्ह ओढले जाते. हे उपयोगी आहे, पण पातळ तारांवर त्याकडून फार आशा धरू नका. रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा परिणाम तारेच्या रिअ‍ॅक्टन्समधून (बदलत्या करंटला चुंबकी क्षेत्रामुळे होणाऱ्या अडथळ्यातून) होतो आणि घरगुती केबलमध्ये तो रेझिस्टन्सच्या मानाने किरकोळ असतो. रोहित्रात आणि उघड्या तारांच्या लाइनीत तो बऱ्यापैकी असतो, म्हणून फायदा तिथे दिसतो.

तिसरे, व्होल्ट-वॅट. मला हे सर्वांत आवडते. ट्रिप होऊन शून्यावर जाण्याऐवजी इन्व्हर्टर हळूहळू हात आखडता घेतो. त्याच मानकात २५३ व्होल्टपासून उतरायला सुरुवात आणि २६० ला फक्त २० टक्के. थोडी वीज जाते, पण कंगव्याच्या दातांत जाते तितकी नाही. तुमचा नियम परवानगी देत असेल आणि यंत्रात सोय असेल तर बसवणाऱ्याकडून हे सुरू करून घ्या, वितरण कंपनीला कळवून.

"मर्यादाच २६५ करून द्या"

ही विनंती मला दर हंगामात येते, आणि पासवर्ड माहीत असलेला कोणीतरी ती पुरीही करतो. मी करत नाही. २६५ व्होल्ट फक्त इन्व्हर्टरला दिसत नाहीत. घरातल्या प्रत्येक प्लगला, आणि थोडे कमी करून शेजाऱ्याच्याही प्लगला मिळतात. दिव्यांचे ड्रायव्हर, टीव्हीच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर, सर्ज रोखणारे घटक आधी तापतात, मग एकेक जातात आणि दोष कोणालाच दिसत नाही. मघाच्या घरी मर्यादा वाढवली असती तर ट्रिप लगेच थांबला असता आणि न्यूट्रलची ती वायर जळत राहिली असती.

यामागे आणखी एक मोठी बाजू आहे. एकेका छतावरचे सेटिंग क्षुल्लक वाटते, पण लाखो छतांवर तेच असले की ते ग्रिडचे वागणे ठरवते. जर्मनीत सुरुवातीच्या नियमाने फ्रीक्वेन्सी (एसीची सेकंदाला होणारी आवर्तने, तिथे नेहमी ५०) ५०.२ हर्ट्झला गेली की सगळ्या इन्व्हर्टरनी एकदम सुटायचे होते. सोलर थोडे होते तोवर ठीक. पुढे इतके झाले की ते सगळे एकाच क्षणी सुटले तर संपूर्ण युरोपच्या जाळ्याला धक्का बसला असता. शेवटी २०१२ मध्ये नियम काढून तीन लाखांहून जास्त जुन्या प्रकल्पांची सेटिंग बदलावी लागली. नव्या नियमात ५०.२ च्या वर शक्ती हळूहळू कमी करायची, एकदम सुटायचे नाही. कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ रोजी वणव्यामुळे मोठ्या पारेषण वाहिन्यांवर फॉल्ट झाले आणि सुमारे १,२०० मेगावॅट सोलर काही क्षणांत बाजूला झाले. त्यातल्या बऱ्याच इन्व्हर्टरनी फॉल्टच्या क्षणी फ्रीक्वेन्सी चुकीची मोजली होती. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा वाढते व्होल्टेज आणि त्यामुळे एकामागून एक सुटणारी निर्मिती ही साखळी त्या घटनेच्या मुळाशी होती. म्हणून मर्यादेचा आकडा एकट्याच्या सोयीने हलवू नये. ज्याच्याकडे जाळ्याचा हिशेब आहे त्याच्याशी बोलूनच तो हलवावा.

आणि लाइनमनचा विचार करा. पुरवठा गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत सुटायचे असते, कारण लाइन मेलेली समजून त्या तारेला माणूस हात लावतो. व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सीच्या मर्यादा हा त्याच संरक्षणाचा भाग आहेत.

दुपारची वीज दुपारीच वापरणे

हा उपाय फुकट आहे आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागते. घरात २ किलोवॅट वापरले गेले तर बाहेर ५ ऐवजी ३ जातात, आणि मीटरच्या पलीकडची वाढ त्याच प्रमाणात उतरते. पाणी तापवणे, पंप, कपडे धुण्याचे यंत्र, गाडीचे चार्जिंग दुपारी लावा. इन्व्हर्टर ते मेन स्विच या वायरीतली वाढ मात्र याने कमी होत नाही, कारण त्या वायरीतून करंट तेवढाच जातो. घरातला भाग दोषी असेल तर हा उपाय फसतो, तो यामुळेच.

बॅटरीबाबत एक चूक वारंवार दिसते. बॅटरी सकाळी आठपासून भरू लागते, साडेदहाला पूर्ण भरते आणि अकराला, जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हा ती हात वर करते. चार्जिंग अकरानंतर सुरू होईल अशी वेळ लावा, किंवा शक्ती कमी ठेवून ते दुपारभर पसरवा.

निर्यात मर्यादा, म्हणजे ग्रिडला जाणाऱ्या विजेवर कमाल आकडा, लावणार असाल तर मेनवरच्या सीटीची (तारेभोवतीच्या करंट मोजणाऱ्या कडीची) दिशा तपासा. बाण उलटा असला तर यंत्र वापराला निर्यात समजते आणि भलत्याच वेळी गळा आवळते.

वितरण कंपनीला काय द्यावे

"सोलर चालत नाही" असा अर्ज केला तर उत्तर येते, इन्व्हर्टर तपासा. आकडे द्या. सलग सात दिवसांची नोंद, शक्यतो दहा मिनिटांच्या सरासरीची; बहुतेक इन्व्हर्टरमधून ती उतरवून घेता येते. सोबत वरचे तीन आकडे, करंट, वायरीची जाडी व लांबी, आणि हिशेबाने येणारी घरातली वाढ. घरातली वाढ मर्यादेत आहे हे तुम्हीच सिद्ध करून दिले की चेंडू सरळ लाइनीकडे जातो. रात्री आठ ते दहाचे सर्वांत कमी व्होल्टेजही लिहा, कारण टॅपचा निर्णय त्यावरच ठरणार आहे. आणि मागणी नेमकी करा: फेजचा समतोल तपासावा, सर्व्हिस वायरीचे दोन्ही टोकांचे सांधे पाहावेत, रोहित्राजवळ नोंद यंत्र लावावे. शेजाऱ्यांनाही हाच त्रास असेल तर त्यांचे मोकळे व्होल्टेज त्यांच्याच फेजसह जोडा. एकाच कागदावर पाच घरांचे आकडे आणि त्यातली चार एकाच फेजवर, हे पाहून अभियंत्याला खांबावर माणूस पाठवायला फार समजवावे लागत नाही.

दुरुस्तीनंतरची खात्रीही निरभ्र, थंड दिवशीच करा. ढगाळ दिवशी सगळेच इन्व्हर्टर शहाणे असतात. सांधा नवा केला असेल तर महिन्याभराने पुरवठा बंद करून स्क्रू एकदा पुन्हा तपासा, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमचे. रोज तापून-निवून ते दबते आणि पकड ढिली होते. तिन्ही आकडे तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कंगवा परत दिसला तर कोणता आकडा हलला, हे तिथेच वाचता येईल.